आमच्या मुलांची शब्दसंपत्ति

दोन वर्षांमागची गोष्ट. सहावीच्या वर्गास आम्हीं 'पेरणीचा दिवस' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका मुलीनें लिहिलें होतें, "वाफसा आल्यावर बापानं पाभर धरली." आम्हीं लाल शाईनें तें वाक्य खोडलें आणि वर आपल्या वळणदार अक्षरांत लिहिलें, "जमीन ओली झाल्यावर वडिलांनीं पेरणी केली." दहांपैकीं चार गुण दिले, 'भाषा शुद्ध लिहावी' असा शेरा मारला, आणि आम्ही मोकळे झालों.

पुढच्या बाजारच्या दिवशीं त्या मुलीचा बाप भेटला. रामराम झाला. मनुष्य भिडस्त, इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर खालीं पाहत म्हणाला, "गुरुजी, पोरीची वही तिच्याकडनंच वाचून घेतली मी. तुमी लिवलंय ते बराबरच असंल. पर ओल्या रानात पेरलं तर बी कुजतंय. वाफसा निराळा आन् ओल निराळी."

वाचकहो, भर बाजारांत त्या वेळीं आम्हांस जी लाज वाटली ती सांगतां येत नाहीं. वाफसा म्हणजे काय हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. आमचाही जन्म कुणब्याच्याच घरचा. लहानपणीं पाभरीमागें चालून आम्हीं मूठ मूठ बीं चाड्यांत सोडलेलें आहे. पाऊस होऊन गेला, रानांतला चिखल सरला, माती मुठींत दाबली तर तिचा गोळा होतो पण ती हाताला चिकटत नाहीं, मातीच्या पोकळींत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी जी पेरणीजोगी अवस्था तिचें नांव वाफसा. या एका शब्दाच्या तोलाचा दुसरा शब्द पुस्तकी मराठींत नाहीं. म्हणूनच कृषि विद्यापीठांच्या पुस्तिकांतही 'वाफसा आल्यावर पेरणी करावी' असेंच छापलेलें असतें. म्हणजे त्या मुलीनें लिहिलें होतें तें शास्त्र होतें, आणि आम्हीं जी दुरुस्ती केली ती अज्ञान होती. हातीं लाल शाई आली कीं आम्ही आमच्या बापाचें रान विसरतों आणि पंडिताच्या ओसरीवर जाऊन बसतों, एवढाच याचा अर्थ.

पुढें झालें तें अधिक वाईट. पूर्वीं पान भरून लिहिणारी ती मुलगी चार ओळींवर आली. त्या चार ओळी बाजारांत मिळणाऱ्या मार्गदर्शकांतून उतरलेल्या असत. चूक काढावी असें त्यांत कांहीं नसे, आणि तिचें स्वतःचेंही त्यांत कांहीं नसे. वर्गांत विचारलें तर ती उभी राही आणि गप्प राही. शेतकऱ्याचें पोर शाळेंत गप्प कां राहतें, याचीं कारणें आम्ही आजवर दारिद्र्यांत, घरच्या कामांत, पोराच्या डोक्यांत शोधीत आलों. एक कारण आमच्या लाल शाईंतही आहे हें त्या दिवशीं कळलें.

शब्दांचा तास बहुतेक शाळांतून कसा चालतो तें पालकांस ठाऊक नसेल, म्हणून सांगतों. धडा वाचून झाला कीं फळ्याच्या डाव्या बाजूस कठीण शब्द व उजव्या बाजूस त्यांचे अर्थ लिहिले जातात. मुलें तें उतरून घेतात, दुसऱ्या दिवशीं पाठ म्हणून दाखवितात आणि तिसऱ्या दिवशीं विसरतात. मग समानार्थी शब्दांची यादी येते. कमळ म्हणजे पंकज, सरोज, नीरज, राजीव. सूर्य म्हणजे रवि, भास्कर, दिनकर, मित्र. ज्या गांवाच्या पंचक्रोशींत कमळ फुलेल असें तळें नाहीं, तेथील मुलगा कमळाचीं चार नांवें घोकतो. परंतु वळीव, झड, भुरभुर, सर, मुसळधार हीं पावसाचीं जीं नांवें तो घरीं रोज ऐकतो, त्यांतलें एकही त्याच्या वहींत येत नाहीं. आमचें कमळाशीं वैर नाहीं. पंकज म्हणजे चिखलांत जन्मलेलें, हें समजावून सांगितलें तर चिखल ओळखणाऱ्या आमच्या पोरांस तो शब्द चटकन उमगेल. पण तेवढें सांगावयास वेळ कोणास असतो? घोकंपट्टीचा शब्द म्हणजे भाजून पेरलेला दाणा. मोजून पेरला, पाणी दिलें, तरी तो उगवत नाहीं.

शब्द मनांत राहतो केव्हां? तो पाहिलेल्या वस्तूला, हातानें केलेल्या कामाला किंवा ओळखीच्या दुसऱ्या शब्दाला बांधलेला असेल तेव्हां. अकरा-बारा वर्षांच्या पोराजवळ अशा खुंट्या शेंकड्यांनीं असतात. नवा शब्द त्या खुंटीस बांधण्याऐवजीं आम्ही खुंटीच उपटून टाकतों आणि मग 'ग्रामीण मुलांची शब्दसंपत्ति कमी आहे' असा अहवाल लिहितों!

ही तक्रार आजची नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर शिक्षण कमिशनास निवेदन दिलें. प्राथमिक शाळांचे शिक्षक होतां होईतों शेतकरी वर्गांतून घ्यावे, ते लोकांत मिसळणारे असावे, नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्यांस लाज वाटूं नये, अशा आशयाची मागणी त्यांत होती. त्यास आज एकशें चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. शिक्षक आमच्यांतून आले, ही त्या चळवळीची कमाई. पण लाज सगळी गेली असें म्हणवत नाहीं. रुमणें धरण्याची लाज आज कोणास वाटत नसेल. 'रुमणें' हा शब्द फळ्यावर लिहिण्याची मात्र अजून वाटते.

जोतीरावांच्या भाषेचीही थट्टा झालीच होती. १८७४ सालीं निघालेल्या निबंधमालेंत त्यांच्या व्याकरणाच्या चुका काढून विद्वानांनीं हंसून घेतलें. त्यांच्या प्रश्नांस उत्तर देण्यापेक्षां त्यांचीं वाक्यें तपासणें सोपें होतें. जोतीरावांनीं त्यापुढें १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तोही शेतकऱ्याच्या बोलीचा जोर राखूनच. आम्ही शिक्षक मुलाच्या निबंधावर लाल रेघा ओढतों तेव्हां आम्ही कोणाच्या बाजूस उभे असतों, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

बरें, हे शब्द खरोखर हलके आहेत काय? मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं छापला गेला आणि १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. परदेशांतून आलेल्या त्या माणसास पाभर, मोट, रुमणें हे शब्द कोशांत घ्यावेसे वाटले. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात भाग १९३२ ते १९३८ या काळांत निघाले. शेत, माग, भाता यांच्याकडचे किती तरी शब्द त्यांत सांपडतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठीं जी महाराष्ट्री प्राकृत साक्षीस बोलाविली, ती मूळची लोकांच्याच तोंडची भाषा. म्हणजे ज्या शब्दांस कोशांत मानानें जागा आहे, त्यांस पोराच्या वहींत मात्र जागा नाहीं!

आतां नुसती तक्रार न करितां, त्या बाजारच्या दिवसानंतर आम्हीं काय केलें तें सांगतों. यांत खर्च कांहीं नाहीं. खडू, फळा, एक जाड वही आणि गांव एवढ्यावर हें सारें होतें.

पहिली गोष्ट, आम्हीं वर्गापुढें आपली चूक कबूल केली आणि त्या मुलीस फळ्यावर 'वाफसा' हा शब्द तिच्या हातानें लिहावयास सांगितलें. त्या दिवसापासून रोज एका मुलानें घरचा एक शब्द आणावा असा नेम ठेवला. शब्दाची चार रकान्यांत नोंद होते. घरचा शब्द, तो कोणी सांगितला, पुस्तकांतला त्याच्या जवळचा शब्द, आणि त्या मुलानें स्वतः केलेलें वाक्य. तिसरा रकाना भरण्यासाठीं सारा वर्ग पाठ्यपुस्तकें व कोश धुंडाळतो. पुस्तकांत तसा शब्द नसेल तर तेथें 'नाहीं' असें लिहावयाचें. मुलांस सर्वांत मोठा आनंद या 'नाहीं' चा! आपल्या आजीजवळ आहे तें पुस्तकाजवळ नाहीं, हें कळल्यावर पोर दुसऱ्या दिवशीं चार शब्द घेऊन येतें. आणि गंमत अशी कीं, घरच्या शब्दासाठीं कोश उघडणारें पोर वाटेंत पुस्तकी शब्दही दहा वाचून घेतें. पहिल्याच वर्षीं आमची दोनशें पानी वही भरली.

दुसरी गोष्ट गाडीची. भूगोलाच्या पुस्तकांत 'पृथ्वी स्वतःच्या अक्षाभोवतीं फिरते' असें वाक्य आहे. अक्ष म्हणजे काय असें विचारलें तर वर्ग एका सुरांत व्याख्या म्हणे. हातांत चेंडू देऊन, दाखवा पाहूं अक्ष, म्हटलें तर सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. शेवटीं आम्ही वर्ग घेऊन सुतारआबांच्या अंगणांत गेलों. तेथें एक जुनी बैलगाडी पडून आहे. आबांनीं चाक काढलें आणि एकेका भागावर हात ठेवून नांव सांगितलें. हा तुंबा, हे आरे, हे पुठ्ठे, ही वरची लोखंडी धाव, आणि हा आख. आख जागचा हालत नाहीं, चाक त्याच्याभोवतीं फिरतें. एक मुलगा ओरडला, "गुरुजी, मग पुस्तकातला अक्ष म्हंजे आपला आखच की!" तसेंच आहे. संस्कृतांतला अक्ष घरोघर वापरला जाऊन आंस झाला, आख झाला. गाडीचा आख लाकडाचा किंवा लोखंडाचा, पृथ्वीचा नुसता मनांत धरावयाचा, एवढें सांगतांच व्याख्येंतला 'काल्पनिक' हा शब्दही मुलांस कळला. जें दोन तासांत झालें नव्हतें तें आबांच्या अंगणांत क्षणांत झालें.

गवंड्याकडे गेलों तेव्हां असेंच घडलें. भिंत सरळ उभी आहे कीं नाहीं हें पाहावयास तो दोरीला वजन बांधून सोडतो तो ओळंबा. अवलंब या शब्दाचाच तो घरगुती अवतार, आणि भूमितींतला 'लंब' त्याचाच भाऊबंद. कोपरा काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहण्याचें त्याचें हत्यार गुण्या. कंपासपेटींतल्या त्रिकोणी पट्टीसही गणिताच्या पुस्तकांत गुण्या हेंच नांव आहे. म्हणजे कारागिराचा शब्द पुस्तकांत मानानें जाऊन बसला; फक्त तो कोणाच्या घरून आला हें पोरांस कोणी सांगितलें नव्हतें. शेतांतल्या ठिबकाचेंही तसेंच. पावसांत गळणारें छप्पर ठिबकतें असें आमच्या बायका म्हणत आल्या. त्याच शब्दावरून ठिबक सिंचन हा आजच्या शेतीशास्त्राचा शब्द बनला.

तिसरी गोष्ट आई-आजीच्या शब्दांची. पुस्तकांत 'बारीक करणें' असें एक सरसकट क्रियापद असतें. घरांत मात्र दळणें निराळें, भरडणें निराळें, कांडणें निराळें, कुटणें, वाटणें, ठेचणें, चेचणें सारीं निराळीं. पुस्तकांत धान्य 'स्वच्छ करितात'. घरांत तें पाखडतात, घोळतात, चाळतात, निवडतात. आम्ही एका मुलास पुढें बोलावतों व यांतील एक काम तोंडानें न बोलतां हातांनीं करून दाखवावयास सांगतों. वर्गानें शब्द ओळखावयाचा. मुलगे पाखडण्याचा अभिनय करूं लागले कीं मुली हंसून बेजार होतात आणि पुढें येऊन सूप कसें धरावयाचें तें दाखवितात. ज्या मुली वर्गांत कधीं बोलत नसत, त्या या खेळांत पहिल्यानें बोलल्या. शब्दाचा बारीक भेद ओळखणें हीच भाषेची खरी परीक्षा, आणि तींत आमच्या निरक्षर आया पहिल्या वर्गांत उत्तीर्ण आहेत.

चौथी गोष्ट एका शब्दाच्या अनेक अर्थांची. वर्गाच्या दोन फळ्या करावयाच्या, एक शब्द द्यावयाचा, आणि निराळ्या अर्थाचें वाक्य जी फळी करील तिला गुण. 'धाव' घ्या. पोर धाव घेतें, चाकावर धाव चढवितात, आणि मोट होती तेव्हां बैल ज्या उतरणीवरून जात तीही धाव. 'घात' म्हणजे दगा, आणि पेरणीची घात म्हणजे योग्य वेळ. 'लागण' रोगाची होते आणि उसाचीही होते. लोहार विळ्याला पाणी देतो, त्यावरून पाणीदार हत्यार आणि मग पाणीदार माणूस. बांधाला पाणी मुरतें, आणि व्यवहारांत 'कोठें तरी पाणी मुरतें आहे' असें आपण म्हणतों. म्हणी आणि वाक्प्रचार पाठ करावयाचे नसतात, ते कोणाच्या तरी रानांतून व भट्टींतून निघालेले असतात, हें एकदां कळलें कीं परीक्षेंतले वाक्प्रचार आपोआप सुटतात.

पांचवी गोष्ट शब्दाच्या गांवाची. तूप व अडकित्ता कानडींतून आले. बटाटा, पाव, चावी, पगार हे पोर्तुगीजांबरोबर आले. अर्ज, वकील, तारीख हे मूळचे अरबी. आज या शब्दांवाचून आपलें पान हालत नाहीं. मुलांनीं हें ऐकलें तेव्हां एकानें विचारलें, "मग शुद्ध शब्द कुठला म्हणायचा गुरुजी?" या प्रश्नावर आमचा तो तास संपला, आणि तो फुकट गेला असें आम्हांस वाटत नाहीं. शब्दाला सोवळें नसतें. सोवळें असतें तें तो ऐकणाऱ्याच्या कानांत.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यावर घरची भाकरी अवलंबून आहे. कागदांतल्या शब्दांचें मोल थोर लोकांनीं जाणलें होतें. शिवछत्रपतींनीं राज्यकारभारांतील फारसी शब्दांस प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार करविला तो याचसाठीं. आणि शेतकऱ्यास कागद वाचतां येत नाहीं म्हणून तो कसा नाडला जातो, हें जोतीरावांनीं आपल्या असुडांत उघडें करून दाखविलें. आज घरोघर साक्षर पोर आहे, पण सातबारा हातीं दिला तर तें अक्षरें वाचतें आणि अर्थापाशीं अडतें. म्हणून सातवीच्या वर्गांत आम्ही गांव नमुना सात व बारा यांची कोरी प्रत फळ्यावर काढतों आणि एकेक शब्द घेतों. भोगवटादार म्हणजे कोण? वर्ग एक व वर्ग दोन यांत फरक काय? पोटखराबा म्हणजे जमिनीचा कोणता भाग? फेरफार केव्हां होतो? इतर अधिकार या रकान्यांत काय लिहितात?

'बोजा' या शब्दावर आम्ही अधिक वेळ थांबतों. डोक्यावरचा बोजा पोरांस ठाऊक असतो. जमिनीवरचा बोजा म्हणजे तिच्यावर नोंदलेलें कर्ज, हें एकदां सांगितलें कीं पुरतें. मागल्या वर्षीं एका मुलीनें हा तास झाल्यावर घरचा सातबारा काढून वाचला. कर्ज फिटून कित्येक वर्षें झालीं होतीं, पण बोजा कमी करून घ्यावयाचा असतो हेंच घरांत कोणास माहीत नव्हतें. बापानें कर्ज फिटल्याचा दाखला आणला, गांवच्या चावडींत अर्ज दिला, आणि नोंद निघाली. तो अर्ज त्या मुलीनेंच लिहिला. एका शब्दाचा तास एका घरास एवढा कामास आला.

या रीतीवर आक्षेप येतात, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पालक म्हणतात, "गुरुजी, आमचं पोर आमच्यासारखं बोलायला शाळेत धाडत नाही. त्याला साहेबासारखं बोलायला शिकवा." त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परीक्षा पुस्तकी भाषेंत होते, अर्ज त्याच भाषेंत लिहावा लागतो, आणि जगाच्या बाजारांत तिचेंच नाणें चालतें. ती भाषा आमच्या पोरांस उत्तम आलीच पाहिजे. यांत कसूर करणारा शिक्षक बहुजनांचा मित्र नव्हे. म्हणूनच आमच्या वहींत पुस्तकी शब्दाचा रकाना आहे. पण एका घरांत शिरावयाचें म्हणून दुसरें घर पेटवून द्यावें लागत नाहीं. आजीशीं बोलतांना 'आख' आणि भूगोलाच्या पेपरांत 'अक्ष', कोठें कोणता शब्द वापरावा हें ज्यास कळलें त्याची संपत्ति दुप्पट झाली. आतां आम्ही लाल शाईनें खोडीत नाहीं. घरच्या शब्दाखालीं रेघ मारतों आणि शेजारीं पुस्तकी शब्द लिहितों. मुलास दोन्ही दिसतात.

दुसरा धोका आमच्याच चुकीनें कळला. 'प्रत्येकानें आपल्या बापाच्या धंद्याचे शब्द आणावे' असें आम्हीं एकदां सांगून बसलों. एक मुलगा तीन दिवस शाळेंत आलाच नाहीं. त्याच्या आज्याचा धंदा कातड्याचा, आणि वर्गांत तें नांव उच्चारल्यावर काय ऐकावें लागेल हें त्या पोरास आमच्यापेक्षां जास्त ठाऊक होतें. शब्द गोळा करण्याच्या भरांत आम्हीं भर वर्गांत जात विचारली होती! त्याच्या घरीं जाऊन आम्हीं क्षमा मागितली. तेव्हांपासून कोणासही 'तुझ्या घरचा धंदा' विचारीत नाहीं. सारा वर्ग मिळून प्रत्येक कारागिराकडे जातो, आणि तेथले शब्द सर्वांनींच लिहावयाचे. रापी आणि आरी हे शब्द आमच्या वहींत एका सधन बागाइतदाराच्या मुलाच्या हातचे आहेत. शब्द साऱ्या गांवाचे. ते कोणा एका जातीच्या गळ्यांत बांधावयाचे नाहींत.

आणि गांवचें तें सारें चांगलें असेंही आम्ही म्हणत नाहीं. माणसाच्या जातीवरून, बाईच्या वैधव्यावरून, कोणाच्या अपंगपणावरून हिणविणारे शब्द गांवांत पुष्कळ आहेत. असा शब्द आला तर तो वहींत चढत नाहीं. तो कोणाला व कां लागतो यावर मात्र बोलणें होतें. कोणता शब्द टाकून द्यावा हें शिकणें हाही शब्दांच्या तासाचाच भाग आहे.

शेवटचा आक्षेप असा कीं, मोट गेली, घाणा गेला, गाडी अडगळींत पडली, मग हे शब्द शिकून करावयाचें काय? वस्तु जाते तेव्हां शब्द जावयाचाच. त्यास आम्ही रडत बसत नाहीं. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, व्हॉल्व्ह हेही आमच्या वहींत आहेत, कारण तेही आज पोरांच्या घरचेच शब्द आहेत. पण वाफसा गेलेला नाहीं. ओळंबा गेलेला नाहीं. भरडणें आणि कांडणें यांतला भेद ओळखणारी नजर गेली तर मात्र मोठें नुकसान आहे, कारण तीच नजर पुढें कायद्याच्या दोन कलमांतला आणि औषधाच्या दोन मात्रांतला भेद ओळखते.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुमच्याकडे आमचें मागणें थोडें आहे. पोर शाळेंतून आलें कीं 'आज किती गुण मिळाले' याबरोबर 'आज कोणता शब्द मिळाला' असेंही विचारा. त्याच्या हातीं हत्यार द्याल तेव्हां त्याचें नांवही द्या. आणि 'आपलं बोलणं अडाण्याचं' असें त्याच्यादेखत कधीं म्हणूं नका. तुम्हीं एकदां म्हटलेलें तें जन्मभर धरून बसतें. तुमच्या पोराच्या वहीवर शिक्षकानें खरा शब्द खोडलेला दिसला, तर भिडेस न पडतां शाळेंत या आणि सांगा. आमच्या त्या पालकानें भर बाजारांत सांगितलें नसतें, तर आम्ही अजून ओल्या रानांत पेरीत बसलों असतों.

आणि शिक्षकबंधूंनो, आपणही बहुतेक त्याच घरांतून आलों आहों. पोरानें लिहिलेला शब्द आपल्यास ठाऊक नसेल तर तो खोडण्यापूर्वीं त्याला अर्थ विचारा. ठाऊक असेल तर त्याची लाज धरूं नका.

ती मुलगी आतां आठवींत आहे. निबंध अजून पूर्वीइतका लांब लिहीत नाहीं. एकदां बसलेली भीति लवकर निघत नाहीं, आणि ती बसविली आम्हीं. पण गेल्या महिन्यांत तिची वही तपासतांना तीन शब्द असे आढळले कीं त्यांचा अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता. लाल शाई बाजूस ठेवून आम्हीं तिला जवळ बोलावलें आणि विचारलें. तिनें सांगितला.